दुसरी काठी

माझ्या भावाच्या तोंडातले दात त्याच्या मुलीने केलेले आहेत. वरची कवळी आणि खालची कवळी, दोन्ही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्याच दातांनी तो पुढे काय काय बोलला ते सांगायला लागले की माझं डोकं फिरतं आणि मुद्द्याचं राहून जातं.

ही मुलगी म्हणजे आमची सुतळी. लहानपणी इतकी बारीक होती की दादाने हे नाव ठेवलं, आणि चिकटलं ते चिकटलंच. आता पन्नाशीला टेकलीय, केस पिकलेत, तरी खालचा रंगवाला दुकानदारसुद्धा तिला सुतळीताई म्हणतो. दातांच्या लॅबमध्ये काम करते. लॅब म्हणजे दवाखान्याच्या मागे एक लांबट खोली. भिंतीला लागून टेबल, टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, एक छोटी ज्योत, गुलाबी मेणाचे तुकडे आणि एक घासायचं मशीन. ते सुरू झालं की कानठळ्या बसतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते सगळे जबडे माझ्याकडे बघून दात काढतायत असं वाटलं आणि आल्या पावली परत फिरले. सुतळी तिथे दिवसभर मान वाकवून बसते आणि दुसऱ्यांच्या हसण्याची सोय करते.

मी तिची आत्या. नवरा गेल्यावर या घरात आले, सख्ख्या मोठ्या भावाकडे. वर तीन खोल्या, खाली रंगाचं दुकान, जिन्यात कायम टर्पेंटाइनचा वास. दादा पाणीपुरवठ्याच्या पंपावर ऑपरेटर होता. त्या घरघरीत जन्म गेल्यामुळे त्याला हळू बोलताच येत नाही. साधं मीठ मागितलं तरी भांडण चाललंय असं वाटतं.

पंपावरच्या एका साहेबाने त्याला फ्लाय फिशिंगचा नाद लावला. गळाला गांडूळ लावून बसून राहायचं, ते हे नव्हे. यात गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करायची आणि ती पाण्यावर अशी अलगद टाकायची की माशाला वाटावं, खरीच येऊन बसली. आता पिसाला वजन ते किती असणार? फेकली तर पायाशीच पडायची. म्हणून वजन दोरीला असतं. जाड, रंगीत दोरी. काठी मागेपुढे केली की ती डोक्यावरून लांब वळसा घेत जाते आणि माशीला बरोबर नेते. पण जाड दोरी माशाला दिसते, तो काही आपल्याइतका खुळा नाही. म्हणून दोरी आणि माशी यांच्या मधे एक पारदर्शक, निमुळता दोर जोडतात. त्याला लीडर म्हणतात. दोरीकडे जाड, माशीकडे बारीक, आणि शेवटचं टोक तर केसाएवढं. हे सगळं मला सुतळीने समजावलं. दादाला बायकांना काही समजावून सांगायचा धीर कधीच नव्हता.

खरं तर नदीवर दादाला बाळ हवा होता. बाळ म्हणजे दादाचा मुलगा, सुतळीहून लहान. पण बाळला गाडीत उलटी व्हायची, शेवाळाची किळस यायची, डास चावायचे. दोनदा नेला आणि दोन्ही वेळा रडत परत आणला. मग दादा सुतळीला न्यायला लागला, नाइलाजाने. पोरगी चिकट निघाली. दादाची बोटं पंपाचे नट फिरवून जाड झालेली, त्याला टोकाच्या गाठी जमायच्या नाहीत. साध्या बुटाच्या नाडीची गाठ सोडवतानाही तो घामाघूम व्हायचा. म्हणून सुतळी फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून त्याच्या सगळ्या गाठी तीच बांधायची. पाच वेढे द्यायचे, टोक मधून काढायचं, ओठांत धरून थुंकीने ओलं करायचं आणि सावकाश आवळायचं. कोरडी आवळली तर गाठ घासून आतून जळते आणि मोठा मासा लागला की दगा देते. "थुंकी लाव, थुंकी!" असं दादा ओरडायचा. रविवारी संध्याकाळी दोघं चिखलाने माखून परत यायची. पोरगी मग अशी बडबडत सुटायची की वहिनीला तिच्या तोंडात घास कोंबावा लागायचा.

मग वहिनी अंथरुणाला खिळली. काठ्या कपाटावर गेल्या. सुतळीने कॉलेज सोडलं आणि लॅब धरली. बाळचं शिक्षण रीतसर पार पडलं आणि बाळ विमानात बसून गेला तो तिकडचाच झाला. विमानात काही उलटी झाली नाही हो त्याला. सुतळीला सांगून आलेली दोन स्थळं "आईला कोण बघणार" यात गेली. दादा तिला म्हणायचा, "आईला जरा बरं वाटू दे, मग जाऊ आपण नदीवर." वहिनीला बरं काही वाटलं नाही. ती गेली. नंतर सुतळीने एकदा विचारलं, तर म्हणाला, "आता कसली नदी घेऊन बसलीस."

आणि यंदा एके दिवशी जेवता जेवता हाच माणूस म्हणतो, "सुतळे, काठ्या काढ गं खाली. पुन्हा सुरू करावं म्हणतो."

तिचा घास हातातच राहिला. "खरंच, बाबा?"

"मग काय खोटं? दोन्ही काढ."

दोन्ही म्हणाला. मी समोरच बसले होते, माझ्या कानांनी ऐकलं. कुणालाही वाटेल तेच तिला वाटलं, एक बाबांची आणि एक माझी.

ती तशीच खरकट्या हाताने उठायला लागली, मी खाली बसवली. जेवण झाल्यावर स्टुलावर चढून दोन्ही काठ्या उतरवल्या. काठ्या धडधाकट होत्या. पण रिळावरची दोरी ओढली तर ती स्प्रिंगसारखी वेटोळी घेत बाहेर आली. बोटांना चिकट लागत होती आणि जागोजागी तडे. लीडर सुतळीने दोन हातांत धरून नुसता ताणला, तर टक्कन तुटला.

"नायलॉन म्हातारं झालं की असंच," ती म्हणाली. "दिसायला ठणठणीत, जोर काही नाही."

"माझ्यासारखं," मी म्हटलं. ती इतकी हसली की खालच्या दुकानदाराने वर बघितलं असेल. त्या आठवड्यात ती फार हसली.

शनिवारी आम्ही तिघं गळ-दोऱ्यांच्या दुकानात गेलो. मला काय कळतंय, पण ती म्हणाली, "चल गं आत्या, मजा येईल." दुकानात भिंतभर काठ्या, काचेखाली शेकडो माश्या, इतक्या हुबेहूब की मी एक दोनदा हाताने हाकलायला गेले. दादाने आल्या आल्या आवाज लावला, "सगळ्यात मजबूत दोरी दाखवा!" दुकानदार बिचारा दचकला. सुतळीने काठीच्या मुठीजवळचा नंबर बघितला. पाच.

"पाच नंबरची काठी आहे, तर दोरी पाच नंबरचीच. तरंगणारी," ती म्हणाली. "याहून जड लावली तर काठी दमते. हलकी लावली तर काठीला कळतच नाही हातात काही आहे ते."

मग लीडर. दुकानदाराने एक चकचकीत, टणक प्रकार काढला, पाण्यात अजिबात दिसत नाही म्हणाला. सुतळीने तो बोटांवर फिरवला आणि परत ठेवला. तो बुडतो म्हणे, आणि तरंगत्या माशीलाही खाली ओढतो. तिने साधं नायलॉन घेतलं, नऊ फुटी. टोकाच्या जाडीचेही नंबर असतात आणि तिथे सगळा उलटा कारभार. नंबर मोठा तितकं टोक बारीक. ती पाच नंबर घेत होती, दादाने तीन नंबर पुढे केला.

"जाड घे. मोठा लागला तर?"

"बाबा, तुम्हीच तर शिकवलंत. तुटायचं तर टोकच तुटावं. टोक जाड घेतलं तर तुटताना मागची दोरी घेऊन जाईल."

"ते ठीक आहे गं. पण नवशिक्याच्या हातात जाड बरं असतं."

"नवशिकं कोण आहे आपल्यात?"

दादा खोकला. "मीच की. इतक्या वर्षांनी म्हणजे नवशिकाच." माझ्या डोक्यात तेव्हाच किडा वळवळला. दादाने उभ्या जन्मात स्वतःला कशातही नवशिका म्हटलेलं नाही. शेवटी मधला, चार नंबर घेतला. दोन दोऱ्या, दोन लीडर, टोकाचं एक रीळ. येताना सुतळीने स्वतःसाठी रुंद काठाची टोपी घेतली आणि घरी येईपर्यंत ती डोक्यावरून काढली नाही.

मग रोज संध्याकाळी गच्चीवर सराव. माशीऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधायची आणि पाण्याच्या टाकीपलीकडे ठेवलेल्या बादलीत टाकायची. दादा खुर्चीत बसून सूचना देणार, सगळ्या गल्लीला ऐकू जातील अशा. पण तिला सूचनांची गरजच नव्हती. इतक्या वर्षांनी पहिल्याच दिवशी तिचा हात असा गेला की मला माझं विणकाम बाजूला ठेवावं लागलं. काय सांगू, दिवसभर जबड्यांवर वाकणारी ही बाई तिथे ताठ उभी असायची. इतकी उंच आहे हे मी विसरूनच गेले होते.

एकदा तिने टोक जवळ घेऊन मला दाखवलं. मधेच एक बारीकशी गाठ, टाचणीच्या टोकाएवढी. "याला वाऱ्याची गाठ म्हणतात, आत्या. आपोआप पडते. दिसली की टोक बदलायचं, कारण जोर निम्मा होतो."

"वारा गाठी मारतो?"

"वारा कुठला! टाकणाऱ्याने घाई केली की पडते."

"मग वाऱ्याचं नाव का?"

"कुणाचं तरी घ्यायला हवं ना," ती म्हणाली आणि कात्रीने टोक कापलं.

पुढच्या रविवारी जायचं ठरलं. तिने लॅबच्या मालकिणीची गाडी मागून ठेवली. आणि मंगळवारी मी बाहेरच्या खोलीत गेले तर दादा फोनवर ओरडत होता, "अरे सगळं तयार आहे! तुझी काठी, तुझी दोरी, सगळं नवं! तू नुसता ये!"

मी दारातच थांबले. फोन ठेवल्यावर विचारलं, "तुझी काठी म्हणजे कुणाची, दादा?"

"बाळची. शनिवारी येतोय. अगं, तिकडे त्याच्या साहेबाला हाच नाद आहे. बाळ स्वतःहून म्हणाला, बाबा, मला शिकवा." दादाचे डोळे भरून आले होते. "आयुष्यात पहिल्यांदा पोराने माझ्याकडे काही मागितलं."

"मागायची वेळ कधी आलीय त्याच्यावर? न मागता ताटात पडत गेलं," मी म्हटलं. "आणि सुतळी?"

"तिचं काय?"

"तिचं काय! गेले आठ दिवस गच्चीवर नाचतेय ती पोरगी. तिला वाटतंय दुसरी काठी तिची आहे."

"मी कधी म्हटलं तसं?" दादा म्हणाला. "आणि तिला काय, ती इथेच आहे. कधीही येईल. बाळ दोन-दोन वर्षांनी येतो."

पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय. माझ्या तोंडाला आलं होतं की ती इथे आहे म्हणून तू अजून चावून खातोयस. पण आत स्वयंपाकघरात सुतळी भांडी घासत होती, नळ चालू होता, म्हणून मी दात-ओठ खाऊन हळूच म्हटलं, "निदान तिला सांग. तू स्वतः सांग."

"सांगतो, सांगतो."

कसला सांगतोय. बुधवार गेला, गुरुवार गेला, माणूस रोज गच्चीवर खुर्ची टाकून बसतोय. शुक्रवारी फक्त म्हणाला, बाळ येतोय. एवढंच. सुतळीने बाळच्या खोलीतल्या चादरी बदलल्या. गच्चीवर त्या दिवशी गेली नाही, दमले म्हणाली.

शनिवारी बाळ आला. वाईट नाही तो, उगाच कशाला बोलू. गोरागोमटा, पोट सुटलेला, सगळ्यांना मिठ्या मारणारा. चहा होतोय तोवर त्याने कोपऱ्यातली काठी उचलली. "वा! हीच माझी ना, बाबा?"

सुतळी ट्रे घेऊन दारात उभी होती. दादा वर पंख्याकडे बघत बसला. जणू तो पडणारच होता.

"ताई, तू पण येतेयस ना?" बाळ म्हणाला. "गाडी तूच चालवणार ना?"

"हो," सुतळी म्हणाली. "गाडी मीच चालवणार." आणि ट्रे टेबलावर ठेवला. एकाही कपातला चहा सांडला नाही. माझ्या हातात असता तर कुणाच्या तरी डोक्यावर सांडला असता.

संध्याकाळी ती टेबलापाशी दिवा ओढून गाठी बांधायला बसली. दोन्ही लीडरच्या टोकांना. मी शेजारी जाऊन बसले. माझा नुसता संताप झाला होता. मी म्हटलं, "बाळची कोरडीच आवळ."

तिने वर बघितलंसुद्धा नाही. "गाठीने माझं काय वाकडं केलंय, आत्या?" टोक ओठांत धरलं, ओलं केलं, सावकाश आवळलं आणि नखाने ओढून बघितलं. दोन्ही गाठी सारख्याच पक्क्या. मीही रविवारी जायचं ठरवलं, म्हटलं, कुणीतरी हिच्या बाजूचं असावं तिथे.

नदी लहानच. काठाला गोटे, झुडपं, आणि पलीकडे एक झाड पाण्यात आडवं पडलेलं. मी चटई टाकून बसले. सुतळी माझ्याजवळ, मांडीवर माश्यांची डबी. डोक्यावर ती नवी टोपी. दादा गुडघाभर पाण्यात, स्वतःची काठी काखेत आणि दोन्ही हातांनी बाळचा हात धरलेला. "सावकाश रे राजा. मनगट नको मोडूस. हां, असं. शाब्बास!" इतक्या वर्षांत मी दादाचा हा आवाज ऐकला नव्हता. त्याला हळू बोलता येत होतं तर.

बाळ चाबूक मारावा तशी काठी मारायचा. दोरी त्याच्या पाठीत, झुडपात, एकदा माझ्या चपलेत. फटकारा आला की माशी तुटून जायची आणि तो हाक मारायचा, "ताई, माशी!" ही उठायची, पाण्यात जायची, नवी बांधून यायची. बूट आतून भिजले तिचे.

"बाबा, दोरीच बरोबर नाहीये," बाळ म्हणाला. नाचता येईना, अंगण वाकडं.

"असेल रे," दादा म्हणाला. "सुतळीनेच निवडलीय."

मी तोंड उघडलं, तर तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग बाळचा फोन वाजला. "तिकडचाच आहे, ताई, जरा धर," म्हणत काठी तिच्या हातात देऊन तो काठावर चढला. तिने सवयीने टोक बोटांतून ओढलं आणि तिचं कपाळ आकसलं. "वाऱ्याची गाठ पडलीय," मला म्हणाली. "बदलायला हवं." ती कात्री शोधायला खिशात हात घालते तोच पलीकडे, पडलेल्या झाडाच्या सावलीत, पाण्यावर एक गोल उमटला. मग आणखी एक. मासा वर येत होता.

तिने खिशातून हात काढला. मला दिसलं ना, ती क्षणभरच थांबली. पुन्हा कधी काठी हातात येणार होती तिच्या? तिने दोरी सोडली. एकदा मागे, एकदा पुढे, आणि त्या झाडाच्या अगदी कडेला माशी अशी बसली की मलाही ती खरी वाटली. पाणी फुटलं. काठी कमानीसारखी वाकली आणि रीळ किर्रर्र करायला लागलं.

"लागला!" मी चटईवरून उठून उभी राहिले.

टोकात ती गाठ आहे, जोर निम्माच आहे, हे तिला माहीत होतं. म्हणून ती ओढत नव्हती. मासा पळाला की दोरी द्यायची, थांबला की हळूच घ्यायची. तापलेलं मेण धरावं तशी हलक्या हाताने. मासा मोठा होता. ठिपक्यांची पाठ एकदा वर आली, दादाच्या हाताएवढी. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ती फ्रॉकमध्ये असताना शेवटचं बघितलं होतं.

आणि दादा ओरडला, त्याच्या पंपावरच्या आवाजात, "बाळ! अरे बाळ, ये लवकर! सुतळे, दे त्याच्याकडे! त्याच्या हातात दे!"

"बाबा, गाठ आहे टोकात. हळूहळू..."

"त्याचा पहिला मासा आहे, दे म्हणतो ना!"

कुणाचा पहिला मासा? आयत्या बिळावर नागोबा! बाळ फोन खिशात कोंबत धावत आला. सुतळीने बापाकडे बघितलं. एकदाच. मग काठी दिली. देताना बाळला म्हणाली, "मूठ आवळू नकोस, त्याला पळू दे."

बाळने मूठ आवळली. टक्. काठी सरळ झाली.

"च्यायला, गेला," बाळ म्हणाला. दादा पाणी तुडवत आला, टोक हातात घेतलं आणि सवयीने वितीने मोजलं. ओठ घट्ट मिटले त्याचे. गाठ सुटून गेलेली असती तर टोक पूर्ण राहिलं असतं. हे वीतभर आखूड होतं, मधेच तुटलेलं. मला हे कळत होतं तर त्याला कळलं नसेल? त्याने टोक सोडून दिलं आणि मुलीकडे न बघता म्हणाला, "कोरडी आवळली असशील गाठ. किती वेळा सांगितलंय, थुंकी लाव म्हणून."

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" मी काठावरूनच किंचाळले. "लाज वाटते का रे, दादा? मोजलंस ना आत्ता? काय मोजलंस ते सांग की तोंडाने!"

"आत्या, राहू दे," सुतळी म्हणाली. "हो, बाबा. कोरडी राहिली असेल." तिने डबी बंद केली, टोपी काढली आणि गाडीपाशी जाऊन उभी राहिली. बाळने माशाशिवायच काठी धरून चार फोटो काढून घेतले. ते माझ्याकडूनच काढून घेतले. चारही फोटोंत मी त्याचं डोकं उडवलं.

चार दिवसांनी बाळ गेला. जाताना काठी दादाच्या हातात देऊन म्हणाला, "पुढच्या वेळी येईन तेव्हा लागेल, जपून ठेवा." दादाने ती फडक्याने पुसून पिशवीत घातली. दोन दिवस घर सुनं झालं म्हणून उसासे टाकत बसला. शनिवारी रात्रीच्या जेवणाला मात्र एकदम खुशीत आला.

"सुतळे, उद्या गाडी मिळेल का? जाऊया. आता आपण दोघंच, पहिल्यासारखं."

"मागून ठेवलीय," ती म्हणाली. दादाने माझ्याकडे बघितलं, बघ, उगाच आरडाओरडा करतेस, अशा तोऱ्यात. मलाही वाटलं, गेली विरघळून. बापाने चुटकी वाजवली की निघाली. मला तिचाच राग आला.

सकाळी दादा टोपी घालून, कवळ्या बसवून खुर्चीत तयार. "सुतळे, नाड्या बांध गं." ती त्याच्या पायाशी बसली, दोन्ही बुटांच्या नाड्या आवळल्या, दुहेरी गाठ मारली. मग उठली, आत गेली आणि बाहेर आली ती दादाची काठी घेऊन. डोक्यावर टोपी, खांद्याला पिशवी.

"आणि दुसरी?" दादा म्हणाला.

"दुसरी बाळची आहे, बाबा. त्याला न विचारता कशी काढणार?"

"अगं, तो कुठे इथे आहे? आण ती. मग मी कशाने..."

"तुमची मी नेते आज."

दादा खुर्चीत पुढे सरकला. "मग मी काय करू?"

ती जिन्याच्या दारात थांबली. आवाज चढवला नाही, काही नाही. लॅबमध्ये कवळी नीट बसतेय का असं विचारते ना, तशीच बोलली. "तुमचं काय, बाबा. तुम्ही इथेच आहात. कधीही येता येईल."

आणि गेली. जिन्यात पावलं वाजली, गाडी सुरू झाली, वळणावर गेली. मला वाटलं होतं अशा वेळी मला गारेगार वाटेल. कुठलं काय. तिला हेच करायचं होतं तर पंचवीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं.

बऱ्याच वेळाने दादाने विचारलं, "तू सांगितलंस तिला? मी त्या दिवशी काय म्हणालो ते?"

"मी कशाला सांगू? तुझा आवाज, दादा. नळ चालू असला तरी ऐकू जातो."

त्याने कवळ्या काढून टेबलावर ठेवल्या. मग वाकून बुटाची गाठ सोडवायला लागला. जाड बोटं, त्यात सुतळीची गाठ, सुटणार थोडीच. थोडा वेळ खटपट केली, माझ्याकडे बघितलं. मी माझं विणकाम घेतलं. तो संध्याकाळपर्यंत तसाच बूट घालून खुर्चीत बसून होता.